जुने, वेगळे अडकित्ते जमवायचे तर: सोलापुरातून सुरुवात

सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपास भांड्यांच्या एखाद्या जुन्या दुकानात मोड घालायला गेलात, तर काट्याशेजारच्या पोत्यात जरा डोकावून पाहा. चेपलेले तांबे, कान तुटलेली पातेली, झाकण हरवलेले डबे, आणि त्यातच कधीमधी एखादा पितळी अडकित्ता. दुकानदार त्याचं पोलादी पातं ठोकून वेगळं काढतो, पितळ तेवढं किलोच्या भावानं घेतो आणि माल भट्टीकडे जातो. यात त्याची चूक नाही, त्याचा धंदा धातूचा आहे. पण घोड्याच्या तोंडाची मूठ, अनेक वर्षं अंगठा फिरून गुळगुळीत झालेली दांडी आणि कुणा कारागिरानं जीव ओतून बसवलेली खीळ त्या दिवशी कायमची जाते.

घरात पानाचं तबक मांडणारी पिढी आता सरत चालली आहे. सुपारी कातरलेलीच पुडीत मिळते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, हेही लोकांपर्यंत पोचलंय. सवय सुटतेय हे उत्तमच. त्यामुळे ज्या वस्तू कपाटातून बाहेर पडताहेत, त्यातल्या निवडक तरी कुणीतरी सांभाळायला हव्यात. त्यासाठी फार पैसा लागत नाही. नजर लागते, आणि ती तयार करता येते.

पुढचं सगळं एका मुद्द्यावर उभं आहे, म्हणून तो आधी सांगतो. वेगळेपण नक्षीत शोधू नका, खिळीत, पात्यात आणि मुठीत शोधा. मोर-पोपट बाजारात हवे तेवढे मिळतात. ज्याचा आकार आणि काम एकमेकांत गुंतलेलं आहे असा अडकित्ता विरळा, आणि जमवण्यासारखा तोच.

आधी अवजार समजून घ्या

अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. शाळेत विज्ञानाच्या तासाला लिंबू पिळणीबरोबर हेच उदाहरण असायचं. एका टोकाला खीळ, तोच टेकू. दुसऱ्या टोकाला हात, आणि मध्ये सुपारी. खिळीपासून मूठ 18 सेंटिमीटरवर असेल आणि सुपारी खिळीपासून 3 सेंटिमीटरवर ठेवली, तर हाताचा जोर सुपारीवर सहापट होऊन पडतो. सुपारी खिळीच्या जितकी जवळ, तितकी ती सहज फुटते. पण खिळीजवळ तोंड कमी उघडतं, आणि अख्खी सुपारी तर दोन-अडीच सेंटिमीटर जाड. आता कारागिरानं काय करायचं? कुणी खालच्या दांडीला खोलगट बाक देतो, म्हणजे सुपारी आत बसते. कुणी वरच्या दांडीला खिळीपाशीच कमान काढतो. कुणी पात्यालाच पोटाकडे वळण देतो, म्हणजे सुपारी पुढे निसटत नाही. या एका अडचणीची उत्तरं पाहत गेलात तरी दोन अडकित्त्यांमधला फरक कळायला लागतो.

लांब दांडीचा, रुंद तोंडाचा अडकित्ता अख्खी सुपारी फोडण्यासाठी. आखूड, नाजूक, हलका असेल तर तो फोडलेल्या खांडांची बारीक कातरण करण्यासाठी, किंवा भाजक्या, चिकण्या सुपारीसाठी. चंचीत, म्हणजे पान-सुपारीच्या कापडी पिशवीत, बसणारे छोटे अडकित्ते प्रवासातले. पाहुण्यांपुढे तबकात ठेवायचा, नक्षीदार पण मूठ धड पकडता न येणारा अडकित्ता बहुतेक मानासाठीच केलेला असतो. कोणत्या कामाचा आहे हे ओळखल्याशिवाय चांगला-वाईट ठरवू नका.

पातं कसं बसवलंय, हे दुसरं पाहायचं. पूर्ण लोखंडी अडकित्त्यात पातं आणि वरची दांडी एकाच तुकड्यातून ठोकून काढलेली असतात. पितळी दांडीच्या अडकित्त्यात पोलादी पातं वेगळं करावं लागतं, कारण पितळेला धार टिकत नाही. ते दांडीतल्या खाचेत सरकवून दोन-तीन बारीक खिळ्यांनी ठोकून बसवतात, किंवा झाळ लावून जोडतात. जोड जितका कमी दिसतो तितका हात कसलेला. बोटाचं नख जोडावरून फिरवा. अडकलं नाही तर समजा, करणाऱ्यानं कानसेला पुरेसा वेळ दिला होता.

आता खीळ. जुनी खीळ दोन्ही बाजूंनी ठोकून पसरवलेली असते, कधी तिच्यावर फुलाची टोपी असते. दोन बोटांत धरून अडकित्ता उघडला की वरची दांडी स्वतःच्या वजनानं सावकाश खाली यावी. धाडकन पडली तर खीळ झिजली, अजिबात हलली नाही तर आत चुना किंवा गंज धरलाय. दोन्ही दोष घेण्याआड येत नाहीत, पण किंमत ठरवताना माहीत असावेत.

काय काय पाहायला मिळेल

सगळ्यात जास्त भेटतात ते गावच्या लोहारानं भट्टीवर केलेले साधे लोखंडी. लोक यांना हात लावत नाहीत आणि मला हेच सर्वांत प्रिय आहेत. साचा नसल्यामुळे प्रत्येक वेगळा. दांडीची टोकं कुठं गोल वळवलेली, कुठं नुसती चपटी, कुठं पीळ दिलेली. अंगावर छिन्नीनं मारलेले तीन-चार ठिपके किंवा चांदणी. एकाच तालुक्यातले पाच-सहा शेजारी ठेवले की कुणाचा हात कुणाशी जुळतो हे दिसू लागतं. असं गटानं जमवणं या छंदातलं खरं काम आहे.

त्यानंतर पितळी दांडी आणि पोलादी पात्याचे. टोकाला कमळाची कळी, मोराची मान, घोडा, मासा. काहींत आरसा बसवलेला, काहींना घुंगरू. प्राणी-पक्षी असलेल्यांत एक कसोटी लावा: आकार हालचालीत सामील आहे की वरून चिकटवलाय? पोपटाचा चांगला अडकित्ता मिटला की पोपट पुरा होतो आणि उघडला की चोच उघडते. स्त्री-पुरुषाच्या जोडीचे अडकित्ते येतात, त्यांत दोन दांड्या म्हणजे दोन देह. याउलट साध्या दांडीच्या टोकाला ओतीव मोर जोडला असेल तर तो कितीही सुबक असला तरी मी त्यासाठी जादा पैसे देणार नाही.

चांदीचे असतात, पातं अर्थातच पोलादाचं. घेताना सराफाकडून कसोटीवर कस लावून घ्या. कस दांडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूनं अगदी हलका लावायला सांगा आणि कानस मारू देऊ नका. पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेलं कोफ्तगिरीचं काम फार क्वचित दिसतं. तसं काही समोर आलं तर त्या दिवशी नुसते फोटो काढून घरी या, जाणकाराला दाखवा, मग ठरवा.

बाहेरगावचे ओळखता यावेत म्हणून थोडं. गुजरातेत जामनगरच्या सुड्या प्रसिद्ध आहेत, सुडी म्हणजे तिकडचा अडकित्ता. श्रीलंकेत त्याला गिरय म्हणतात, मलेशिया-इंडोनेशियात काचिप. काचिपचं पातं अनेकदा पक्ष्याच्या किंवा नागाच्या डोक्याच्या आकाराचं असतं. कुणी काचिपला 'जुना विजापुरी' म्हणून दाखवलं तर नम्रपणे परत द्या.

घेण्याआधी पाहणं

पहिले काही महिने काही विकत घेऊ नका. सोलापूरकरांना एक फार मोठी सोय आहे: सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की पुणे, आणि रात्री परत. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली, संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, आणि 1962 मध्ये तो राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. दिवे, कुलुपं, वाद्यं यांच्याबरोबर अडकित्त्यांचाही संग्रह तिथं आहे, आणि एवढ्या तऱ्हा एका जागी क्वचितच पाहायला मिळतात.

तिथं कसं पाहायचं तेही सांगतो. सगळे एका दमात पाहू नका. दहाच निवडा. प्रत्येकासमोर थांबून तीन प्रश्न विचारा: पातं कसं जोडलंय, खिळीचं डोकं कसं आहे, मूठ कुठं झिजली आहे. जमेल तसं वहीत रेखाटन करा. चित्रकला येत नसली तरी चालेल, पेन्सिल फिरवताना डोळा जे टिपतो ते फोटोत निसटतं. काचेमागची वस्तू हातात येत नाही एवढीच उणीव, ती घरच्या आणि नात्यातल्या अडकित्त्यांवर भरून काढा.

शोधायचं कुठं

सुरुवात घरापासून. माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा खण, आजीची पानाची पितळी पेटी. काही घरांत बाळंतिणीच्या उशाशी लोखंडाची वस्तू म्हणून अडकित्ता ठेवायची रीत होती, त्यामुळे तो पानाच्या सामानात न सापडता बाळाच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात निघू शकतो.

मग नातेवाईक आणि शेजार. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी गावोगावचे पाहुणे सोलापुरात येतात. होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या बाजारात, तुम्हाला मिळाले तर नवेच अडकित्ते मिळतील, पण घरी उतरलेल्या पाहुण्यांना विचारण्यासारखी दुसरी वेळ नाही. अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, तिकडे विजापूर-इंडी. चहा पितानाच विषय काढा. आपल्याकडे माणूस निम्मा मराठी, निम्मा कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. कन्नड घरात अडकत्तरी, तेलुगू घरात अडकत्तेर आणि हिंदी-दखनी बोलणाऱ्यांकडे सरोता म्हणून विचारलं की वस्तू लवकर बाहेर येते.

मोड घेणाऱ्या दुकानदारांशी ओळख वाढवणं हा सगळ्यात भरवशाचा रस्ता. एकदा जाऊन काही होत नाही. जाताना घरची खरी मोड घेऊन जा, गिऱ्हाईक म्हणून ओळख होऊ द्या. मग सांगा, "मालक, अडकित्ता आला की पातं काढू नका, मला फोन करा. मोडीच्या भावापेक्षा जास्त देतो." आणि फोन आला की त्याच दिवशी जा, वस्तू पसंत नसली तरी त्याच्या वेळेचे म्हणून थोडे पैसे द्या किंवा दुसरं काही घ्या. दोनदा टाळाटाळ केलीत तर तिसऱ्यांदा फोन येणार नाही. हेच भंगारवाल्यांना, कपड्यावर भांडी देणाऱ्या बोहारणींना आणि जुन्या वाड्यांचं पाडकाम घेणाऱ्या ठेकेदारांना सांगून ठेवा.

ऑनलाइन खरेदी शेवटी ठेवा. करायचीच तर विक्रेत्याकडून खिळीचे दोन्ही बाजूंचे, दोन्ही दांड्यांच्या आतल्या अंगाचे आणि पात्याच्या जोडाचे फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. नुसता समोरून काढलेला चकचकीत फोटो पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.

घरातून वस्तू घेताना एक पथ्य कडक पाळा. विकणाऱ्याला तिची किंमत माहीत नसेल आणि तुम्हाला असेल, तर ती सांगा. चांदी आहे तर 'चांदी आहे' म्हणा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडून मोडीच्या भावात चांदीचा अडकित्ता उचलून आणणं याला छंद म्हणत नाहीत. आणि वस्तू पूजेत किंवा लग्नकार्याच्या विधीत वापरात असेल तर मागूच नका, फोटो आणि माहिती घ्या.

हातात आल्यावर पाच मिनिटांची तपासणी

खिशात एक छोटं लोहचुंबक आणि एक भिंग ठेवा, बाकी काही लागत नाही.

चुंबक आधी दांडीला लावा. पितळ असेल तर चिकटणार नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. मग पात्याला लावा, तिथं चिकटायलाच हवं. पूर्ण पितळेचा, पातंसुद्धा पितळेचं, असा अडकित्ता दिवाणखान्यातल्या शोभेसाठी ओतलेला नवा माल समजावा.

अडकित्ता मिटून उजेडाकडे धरा. पातं बैठकीवर, म्हणजे खालच्या दांडीच्या सुपारी ठेवायच्या भागावर, टेकतंय की मधून उजेड दिसतोय? वापरातल्या अडकित्त्यात खिळीपासून मध्यापर्यंत सहसा फट नसते. मात्र पातं झिजून मध्ये थोडी पोकळी आली असेल तर ती चांगली खूण आहे, कारण कातरण नेहमी त्याच जागी व्हायची. शोभेच्या ओतीव मालात पातं आणि बैठक कधी भेटतच नाहीत.

मग भिंगातून डाग पाहा. सुपारीत टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन लोखंडाला लागलं की काळसर-निळा डाग पडतो, जुनी शाई याच रसायनातून होत असे. खूप वापरलेल्या पात्यावर धारेच्या वरच्या अंगाला हा काळपट पट्टा असतो, आणि तो गंजासारखा खरखरीत नसून गुळगुळीत असतो. उलट, नव्याला जुना भासवताना नक्षीच्या खळग्यांत सगळीकडे सारखा काळा रंग भरलेला असतो. बोटावर थोडं खोबरेल घेऊन चोळा. रंग असेल तर बोटावर येईल.

झीज कुठं आहे? अंगठा टेकतो तिथं नक्षी पुसट झालेली हवी, खाचेत ती शाबूत हवी. सगळीकडून सारखीच पुसट असेल तर बफ मारलाय, म्हणजे चाकावर घासून चमकवलाय. ओतकामाच्या साच्याची रेघ दांडीच्या कडेनं धावतेय, अंगावर वाळूच्या साच्याचे बारीक खड्डे आहेत, खिळीच्या जागी चाकीचा स्क्रू किंवा षटकोनी नट आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर वस्तू जुनी नाही. नुसता स्क्रू बदललेला असेल तर मात्र लगेच नाकारू नका. कुणीतरी वापर चालू राहावा म्हणून केलेली दुरुस्ती ती. दुरुस्त्यांचा अडकित्ता मला उलट जास्त मोलाचा वाटतो: तो टाकून न देता सांभाळला गेला.

मंगळवेढ्याकडच्या एका आज्जींचा लोखंडी अडकित्ता माझ्याकडे आहे. दांडी साधीच, पण खालच्या बैठकीवर छिन्नीनं आडव्या रेघा मारलेल्या, सुपारी घसरू नये म्हणून. एक दांडी दुसरीपेक्षा बोटभर लांब. मी विचारलं, "आज्जी, ही एक दांडी लांब का हो?" तर म्हणाल्या, "सासूबाई भुईवर टेकवून कातरायच्या की. हातात जोर नव्हता त्यांच्या." लांब दांडी जमिनीवर टेकवायची आणि वरच्या दांडीवर तळहाताचा भार द्यायचा. लोहाराला घरी बोलावून, बसायची पद्धत दाखवून करून घेतलेला. मोबदला दोन पायल्या मालदांडी ज्वारी. त्यावर मोर नाही की वेलबुट्टी नाही, आणि असा दुसरा मी पाहिलेला नाही.

साफसफाई: जेवढी कमी तेवढी बरी

घरी आणल्यावर पहिला मोह चकाकी आणण्याचा होतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही लावू नका. आम्लानं पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबीसर तांबं उघडं पडतं. तो रंग घालवायचा तर पुन्हा घासावं लागतं, आणि प्रत्येक घासणीत नक्षी उथळ होते. बफिंगच्या चाकावर तर वस्तू नेऊच नका.

पितळेला रिठ्याचं कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. पात्याला शक्यतो पाणी लागू देऊ नका. लगेच सुती कापडानं टिपा आणि सावलीत वाळवा. खिळीत चुना घट्ट बसलेला असतो. तो लिंबानं चटकन विरघळेल, पण वर सांगितलं त्याच कारणासाठी तसं करायचं नाही. बांबूची काडी टोकदार करून, थोडं ओलं करून, हळूहळू कोरून काढा. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. धातूची सुई वापरू नका.

लोखंडाचा गंज दोन प्रकारचा. वरवरचा लाल, बोटाला लागणारा गंज काढायचा. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्यायचा, तो खालच्या लोखंडाला राखतो. लाल गंजासाठी अडकित्ता रॉकेलमध्ये किंवा पातळ मशीन ऑइलमध्ये दिवसभर ठेवा. नंतर सगळ्यात बारीक प्रतीची, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल घेऊन एकाच दिशेनं, हलक्या हातानं पुसा. पुसून कोरडा केला की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब खिळीत, आणि पात्यावर तेलाचा हात. मांडून ठेवायचा असेल तर तेलाऐवजी मेणाचा पातळ थर द्या, धूळ कमी धरते.

पितळेवर फिकट हिरवी भुकटी दिसली, काढली तरी पुन्हा येत असेल, तर तो अडकित्ता इतरांपासून वेगळा, अगदी कोरड्या डब्यात ठेवा आणि संग्रहालयात काम करणाऱ्या संवर्धन तज्ज्ञाला दाखवा. घरगुती उपाय तिथं चालत नाहीत.

धार लावून घेऊ नका. सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. सहाणेवर पातं गेलं की वापरानं आलेली पोकळी, डाग, कारागिराची कानस, सगळं एका मिनिटात जातं. खीळ ढिली असेल तर हातोडी मारून बसवू नका, तशीच ठेवा.

सोलापूरची हवा या छंदाला अनुकूल आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा गंज चढत नाही. काळजी जून ते सप्टेंबरची. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करा आणि प्रत्येक खणात ठेवा. गुंडाळायला धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर किंवा सुती साडी सर्वांत चांगली. आपल्या सोलापुरी टॉवेलचं कापड दिसायला मऊ असलं तरी त्याचे फासे खिळीत अडकतात. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रबरबँड तर मुळीच नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. पातं मिटून सुती नाडीनं सैल बांधा आणि खण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

कायदा माहीत असू द्या

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 नुसार, कारागिरीची जी वस्तू किमान 100 वर्षं जुनी आहे ती पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून जुना अडकित्ता कुरिअर करायचा विचार असेल तर तो सोडा. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. धातूच्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. रोजच्या वापरातला साधा अडकित्ता त्यात बसत नाही, पण देवतेची किंवा माणसांची घडीव आकृती असलेली फार जुनी वस्तू मिळाली तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारून घ्या.

हस्तिदंती मुठीचा अडकित्ता कुणी दाखवला तर घेऊ नका, कितीही जुना असो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. सांबरशिंगाच्या मुठीलाही तोच नियम. हाड की हस्तिदंत ते भिंगातून कळतं: हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी.

वही

ज्याच्याकडे वही नाही त्याच्याकडे संग्रह नाही, नुसता साठा आहे. वस्तू आणल्याच्या दिवशीच नोंद करा. दुसऱ्या दिवशी गाव आठवतं, आठवड्यानं तालुका, वर्षानं काहीच नाही. माझ्या वहीतल्या त्या मंगळवेढ्याच्या अडकित्त्याच्या नोंदीची धाटणी अशी आहे:

"लोखंडी, घडीव. लांब दांडी आणि आखूड दांडी यांची मापं वेगवेगळी घेतली. पातं दांडीच्याच तुकड्यात. बैठकीवर आडव्या रेघा, छिन्नीच्या. खीळ मूळची, दोन्हीकडून ठोकलेली, थोडी ढिली. पात्यावर टॅनिनचा डाग, राखला. वापर: भुईवर टेकवून. कुणी वापरला: देणाऱ्या बाईंच्या सासूबाई. केला: गावचे लोहार, नाव आठवत नाही. मोबदला: दोन पायल्या मालदांडी. काय केलं: लाल गंज काढला, तेल. काय केलं नाही: धार, खीळ."

शेवटच्या दोन ओळी विसरू नका. तुमच्यानंतर तो हातात घेणाऱ्याला, कोणती खूण जुनी आणि कोणती तुमची, हे तिथूनच कळेल. फोटो चार: मिटलेला, उघडा, खीळ जवळून, पात्याचा जोड जवळून. प्रत्येकात शेजारी पट्टी. वस्तूला क्रमांक द्यायचा तो कागदी चिठ्ठीवर, सुती दोऱ्यानं बांधून. चिकटपट्टी किंवा रंग थेट धातूवर लावू नका. देणाऱ्याचं नाव-गाव वहीत ठेवा, पण फोटो कुठं टाकताना ते त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नका.

तीस-चाळीस अडकित्ते झाले की थांबून एकदा सगळे सतरंजीवर मांडा. तिथं तुमची आवड स्वतःच दिसेल: कुणाकडे खिळीच्या तऱ्हा जमलेल्या असतात, कुणाकडे एका भागातल्या लोहारांचं काम, कुणाकडे फक्त छोटे चंचीतले. ती एक दिशा धरा आणि बाकीचे दुसऱ्या जमवणाऱ्याशी अदलाबदल करा, नोंदीची प्रत बरोबर देऊन. पुढं संग्रह एखाद्या संग्रहालयाला द्यायचा मनात असेल तर वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी पत्र पाठवा, सोबत फोटो आणि वहीतल्या नोंदींच्या प्रती जोडा, आणि घरच्यांना या पत्राची माहिती देऊन ठेवा.